याचा बाप कोठे आहे?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जा. वैजापूर, गंगापूर, पैठण, कन्नड, कोणताही तालुका चालेल. गोठ्यात नुकतेच जन्मलेले वासरू दिसले, तर मालकाला विचारा, "याचा बाप कोठे आहे?" साठ-सत्तर वर्षांपूर्वी आजोबांनी गावच्या वळूकडे बोट दाखवले असते. आज बहुधा उत्तर मिळेल, "डॉक्टरांकडून भरवून घेतलं होतं." म्हणजे गाईने वासराचा बाप पाहिलेला नाही आणि मालकानेही नाही. कदाचित वासरू जन्मले त्याच्या आधीच तो वळू मेलेलाही असेल!

हा बाप शहराजवळ हर्सूल येथेही असू शकेल. तेथे महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळा आहे. मंडळाच्या अशाच प्रयोगशाळा पुणे आणि नागपूर येथेही आहेत. येथे निवडक वळू आणि रेडे पाळतात, त्यांचे रेत गोळा करतात, तपासतात, गोठवतात आणि गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांकडे पाठवतात. कोणत्या गाईला कोणत्या जातीच्या वळूचे रेत द्यायचे, याचे धोरण मात्र शासन ठरवते. हे धोरण का लागते आणि ते ठरवणे इतके अवघड का, ते आज पाहू.

आधी कृत्रिम रेतनाची गोष्ट. इटलीतील स्पालानझानी या शास्त्रज्ञाने १७८० साली एका कुत्रीवर हा प्रयोग केला आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. भारतात गाईवर पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी केला. परंतु ताजे रेत फार तर दोन-तीन दिवस टिकते. दूरच्या खेड्यात ते पोहोचणार कसे? गोठवावे, तर पेशीतील पाण्याचे स्फटिक होतात आणि शुक्रपेशी मरतात.

ही अडचण १९४९ साली ब्रिटनमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली, तीही एका गमतीदार घोटाळ्यातून. ते फळांतील साखरेचे द्रावण वापरून पाहत होते आणि एका बाटलीतील द्रावणाने अनपेक्षित यश दिले. त्या द्रावणाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरीन होते! ग्लिसरीन पेशीला गोठताना होणाऱ्या इजेपासून वाचवते. आजही रेत गोठवण्यापूर्वी त्यात ग्लिसरीन घालतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते ठेवतात. या तापमानाला पेशीतील सर्व रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. म्हणून असे रेत वर्षानुवर्षे टिकते.

आता थोडे गणित करू. चांगल्या वळूपासून एका वेळी सुमारे ५ मिलिलिटर रेत मिळते. प्रत्येक मिलिलिटरमध्ये ढोबळ मानाने १०० कोटी शुक्रपेशी असतात, म्हणजे एकूण ५०० कोटी झाल्या. एका गाईसाठी २ कोटी पुरतात. ५०० भागिले २ म्हणजे २५० मात्रा. आठवड्यातून दोनदा रेत घेतले तर वर्षात साधारण १०० वेळा, म्हणजे २५,००० मात्रा होतात. प्रत्यक्षात काही वाया जातात आणि गावपातळीवर सुमारे तीन रेतनांमागे एक गाय गाभण राहते. तरीही एका वळूची वर्षाला काही हजार वासरे होतात. गावच्या वळूकडून वर्षाला पन्नास-साठ गाई फळत. याउलट, एक गाय सगळ्या आयुष्यात आठ-दहा वासरे देते. वासराला निम्मे गुण आईकडून आणि निम्मे बापाकडून मिळतात हे खरे. पण कळपाच्या पुढच्या पिढीवर बापाचा ठसा किती मोठा, ते या आकड्यांवरून कळेल. वळू चांगला निवडला तर हजारो कालवडी चांगल्या होतात, आणि निवड चुकली तर तीही हजारो ठिकाणी चुकते.

ही मात्रा पाव मिलिलिटरच्या बारीक नळीत भरतात. तिला रेतकांडी म्हणतात. कांडीवर वळूचा क्रमांक आणि त्याची जात छापलेली असते. गाय माजावर आली की पशुधन पर्यवेक्षक नायट्रोजनच्या भांड्यातून कांडी काढतो, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि रेतन करतो. गाईचा माज दर २१ दिवसांनी येतो आणि जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा सर्वसाधारण नियम आहे. वेळ चुकली की गाय 'उलटते' आणि मालकाचे तीन आठवडे वाया जातात. तेवढे दिवस तिला वैरण मात्र घालावीच लागते.

आता मुख्य प्रश्न असा, की कांडी कोणत्या जातीची?

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत 'की-व्हिलेज' योजना निघाली, तेव्हा भर देशी जातींच्या सुधारणेवर होता. बैल हवे होते. शेती बैलांवर चालत होती. पुढे १९६४-६५ साली सघन पशुविकास प्रकल्प आले, १९७० साली दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली आणि शहरांची दुधाची भूक वाढली. मणिभाई देसाई यांनी पुण्याजवळ उरुळीकांचन येथे १९६७ साली 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. तिने संकरित गाय खेडोपाडी, गोठ्याच्या दारापर्यंत नेली. धोरण असे झाले की, ज्यांची कोणतीच ठराविक जात नाही अशा गावठी गाईंचा संकर होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी वळूशी करावा.

हे का, हेही समजून घेऊ. आपली गावठी गाय दिवसाला एक-दोन लिटर दूध देते. तिची पहिली संकरित कालवड, खायला पुरेसे मिळाले तर, आठ-दहा लिटर देऊ शकते. ही झेप केवळ बापाच्या गुणांची नसते. दूरच्या दोन जाती एकत्र आल्या की एकीतील सदोष जनुके दुसरीतील चांगल्या जनुकांमुळे झाकली जातात आणि संतती दमदार होते. याला संकरजोम म्हणतात. संकरित मका किंवा ज्वारीत तुम्ही तो पाहिलाच आहे. परंतु मक्याचे बियाणे शेतकरी दर वर्षी नवे विकत आणतो. गाईचे तसे करता येत नाही. संकरित गाईला संकरित वळूचेच रेत दिले, तर पुढच्या पिढीत जनुकांच्या जोड्या पुन्हा विसकटतात, निम्मा संकरजोम जातो आणि कालवडी एकसारख्या निघत नाहीत. बरे, दर पिढीला विदेशीच वळू द्यावा, तर विदेशी रक्ताचे प्रमाण ५०, ७५, ८७.५, ९३.७५ टक्के असे वाढत जाते. दूधही वाढेल, नाही का?

कागदावर वाढते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते वाढेलच असे नाही. होल्स्टिन फ्रिजियन ही हॉलंड आणि उत्तर जर्मनीच्या थंड, हिरव्या कुरणांवरची जात. सावलीतही पारा ४० अंशांवर जातो तेव्हा ती धापा टाकते, खाणे कमी करते आणि दूध तुटते. गोचिडांमुळे होणारा थायलेरिओसिस हा रोग तिला आपल्या गाईपेक्षा फार लवकर गाठतो. शिवाय तिला हिरवा चारा आणि भरपूर पाणी हवे. दुष्काळात माणसांना टँकर लागतो, तेथे या गाईचे काय? म्हणून धोरणात विदेशी रक्ताला मर्यादा घातली आहे, ५० टक्के आणि फार तर ६२.५ टक्के. हा आकडा चमत्कारिक वाटतो ना? ७५ टक्क्यांच्या आणि ५० टक्क्यांच्या प्राण्यांचा संकर करा. ७५ अधिक ५० भागिले २ म्हणजे ६२.५. पुढे ६२.५ टक्क्यांच्या वळूचे रेत तेवढ्याच रक्ताच्या गाईला दिले की प्रमाण तेथेच राहते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन आणि आपली देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' तयार केली, ती याच विचाराने. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' तीन जातींची आहे. तिच्यात होल्स्टिन ५०, जर्सी २५ आणि गीर २५ टक्के असते. हे प्रमाण कसे साधेल, ते वहीवर मांडून पाहा.

मराठवाड्याला या धोरणाचा सर्वांत नाजूक भाग लागू पडतो. येथे दोन नामांकित देशी जाती आहेत. देवणी ही लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर आणि शेजारच्या बीदर भागातली. हिच्यात बालंक्या, वानेरा, शेवेरा असे प्रकार आहेत. वानेऱ्याच्या पांढऱ्या शरीरावर तोंडाच्या बाजू तेवढ्या काळ्या असतात, तर शेवेऱ्याच्या अंगभर काळे ठिपके. दूधही बऱ्यापैकी आणि बैलही दमदार, अशी ही दुहेरी उपयोगाची जात. दुसरी नांदेडच्या कंधारची लाल कंधारी. ही गडद लाल असते, आणि कमी चाऱ्यावर कामाला कणखर. धोरण म्हणते की अशा जातींच्या मूळ प्रदेशात संकर करू नये. तेथे त्याच जातीच्या निवडक वळूचे रेत वापरून सुधारणा करावी.

हा नियम मला योग्य वाटतो. पण तो पाळणे सोपे नाही. ज्या शेतकऱ्याला दूध संस्थेकडून दर दहा दिवसांनी पैसे हवे आहेत, तो देवणीलाही होल्स्टिनची कांडी मागतो. त्याला दोष कसा द्यावा? ट्रॅक्टर आला, बैलांची मागणी घटली. त्यातून संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम असते, जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर थकतो, म्हणून त्यालाही भाव नाही. देशाचे आकडे बोलके आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात सुमारे १९ कोटी २५ लाख गाई-बैल होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत विदेशी व संकरित जनावरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी ६ टक्क्यांनी घटली. एखादी जात एकदा मिसळून गेली, की तिचा उष्णतेला आणि गोचिडांना तोंड देणारा जनुकसंच परत जमवणे जवळजवळ अशक्य असते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनचा भर देशी जातींवर आहे, त्यामागे हेच कारण.

म्हशीचे गणित मात्र वेगळे आणि सोपे. गाईत ६० गुणसूत्रे असतात, आपल्याकडील म्हशीत ५०. तेव्हा गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही. आणि दुधासाठी परदेशातून रेडा आणण्याचे कारणच नाही. जगातल्या उत्तम म्हशी आपल्याच देशात आहेत! म्हणून गावठी म्हशींना हरियाणा-पंजाबकडील मुऱ्हा रेड्याचे रेत द्यावे आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या आपल्या जाती शुद्ध राखाव्यात, असे धोरण आहे. अडचण आहे ती माजाची. उन्हाळ्यात म्हैस 'मुका माज' करते, म्हणजे माजावर येते, पण ओरडत नाही की लक्षणे दाखवत नाही. मालकाच्या ध्यानात येईपर्यंत वेळ टळलेली असते.

शेवटी, चांगला वळू ओळखायचा कसा? तो तर दूध देत नाही! त्याच्या मुलींचे दूध मोजावे लागते. वळू दोन वर्षांचा झाला की रेत घ्यायचे, नऊ महिन्यांनी कालवडी जन्मणार, त्या तीन वर्षांच्या होऊन विणार, मग दहा महिने दूध मोजायचे. बेरीज करा, साडेसहा वर्षे होतात. त्यातही एकीला सरकी पेंड मिळते, दुसरीला नुसता कडबा. मग दूध बापामुळे कमी की वैरणीमुळे? हे वेगळे करायला एका वळूच्या पुष्कळ मुली, निरनिराळ्या गोठ्यांत, मोजाव्या लागतात. आता जनुकांच्या तपासणीवरून वासरू लहान असतानाच अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज बसवण्यासाठीही आधी गोठ्यातल्या दुधाच्या नोंदी लागतातच. गाईच्या कानात जो बारा आकडी पिवळा बिल्ला दिसतो तो यासाठीच. त्याचा आणखी एक उपयोग आहे. गोठवलेल्या रेतामुळे बापाचे रेत नकळत त्याच्याच मुलीला दिले जाऊ शकते. अशा वासरात कोणतीही जनुकांची जोडी एकाच मूळ जनुकाच्या दोन प्रती असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मग झाकलेले दोष उघडे पडतात. बिल्ल्याचा आणि कांडीचा क्रमांक वहीत उतरला असेल तर हे टळते.

अलीकडे लिंग-निवड केलेल्या रेतकांड्याही मिळू लागल्या आहेत. गाईत मादी घडवणाऱ्या शुक्रपेशीत नर घडवणाऱ्या पेशीपेक्षा डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. रंगद्रव्य लावून, लेसरचा प्रकाश टाकून यंत्र त्या वेगळ्या काढते आणि दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. दुधासाठी संकरित गाय पाळणाऱ्याला हे फारच सोयीचे. देवणीच्या मुलखात मात्र अजून पुष्कळ शेतकरी गोऱ्ह्याच्याच आशेने गाय भरवतात, कारण चांगल्या देवणी बैलजोडीला बाजारात आजही गिऱ्हाईक आहे.