दुरुस्तीचा हक्क

खुर्चीचा पाय मोडला, तर सुतार नवा पाय बसवितो. तेवढ्यासाठी सबंध खुर्ची कोणी फेकून देत नाही. मोबाइल फोनची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याची बॅटरी काही वर्षांनी क्षीण होते. पुष्कळ फोनांत ती आत घट्ट चिकटविलेली असते; सुटा भाग मिळाला, तरी तो महाग पडतो. मग एका लहानशा भागापायी सगळा फोनच टाकून द्यावा लागतो. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यांपैकी सुमारे २२ टक्के कचराच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेला, अशी नोंद आहे.

बिघडलेले यंत्र दुरुस्त होईल की नाही, हे बहुधा ते घडविले जाते त्या वेळीच ठरून गेलेले असते. हे ओळखून फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून एक नियम अमलात आणला. मोबाइल फोन, लॅपटॉप, दूरदर्शन संच, पुढून उघडणारी धुलाईयंत्रे आणि गवत कापण्याची यंत्रे विकताना त्यांचे दुरुस्तीचे गुण, दहांपैकी किती ते, दाखविणे बंधनकारक झाले. दुरुस्तीची माहिती मिळते काय, यंत्र सहज उघडता येते काय, सुटे भाग उपलब्ध आहेत काय, त्यांची किंमत बेताची आहे काय, अशा कसोट्या त्यासाठी ठरविल्या गेल्या. त्यामुळे ग्राहकास किमतीबरोबर हे गुणही पाहून निवड करता येऊ लागली.

उत्पादकांचा यावर एक आक्षेप असतो. लिथियम बॅटरीस हत्याराचे टोक लागले, तर ती पेट घेऊ शकते. हा धोका खरा आहे. म्हणून साधी कामे घरी करता यावीत आणि जोखमीची कामे कुशल कारागिराकडे सोपवावीत, हेच योग्य होय. परंतु त्या कारागिरासही सुटे भाग व माहिती मिळावयास हवी. भारत सरकारनेही २०२२ साली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी दुरुस्तीविषयीची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले.

पैसे मोजून घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याची वाट मोकळी असेल, तरच ती वस्तू पूर्णपणे आपली म्हणता येईल.

स्वाध्याय
१. फ्रान्सने ठरविलेल्या कसोट्या कोणत्या?
२. उत्पादकांचा आक्षेप तुम्हांस कितपत पटतो? सकारण लिहा.