गाणी करायची आणि गाण्यांवर लिहायचंही

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात जो स्वतः गाणी करतो आणि दुसऱ्यांच्या गाण्यांवर लिहितोही, त्याला लपायला जागा नसते. ज्याच्या चालीबद्दल सकाळी छापून आलं, तो संध्याकाळी बसस्टँडवर भेटतो. ते निभावतं. मला फटका बसला तो वेगळ्याच बाजूने. एका स्टुडिओवाल्याने माझं गाणं फुकट रेकॉर्ड करायची तयारी दाखवली. ‘‘पैशाचं ऱ्हाऊ द्या सर, आमच्या पोराच्या गाण्यावर चार ओळी चांगल्या लिवा की.’’ मी नाही म्हणालो. मग माझं गाणं मिक्सिंगला अडकून पडलं. मुलाच्या गाण्यावर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, तरी सरांचा त्याच्यावर राग आहे, अशी चर्चा झाली.

म्हणून नव्याने या वाटेला येणाऱ्यांना पहिलं सांगणं हे: ज्याच्या माइकसमोर आपण उभे राहतो, त्याच्या गाण्यावर लिहू नये. लिहिणं टळतच नसेल, तर आपलं नातं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावं.

काही जण टोपणनाव घ्यायला सुचवतात. केशवराव भोळे ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहायचे, हे खरं. त्याच केशवरावांनी १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ला आणि पुढे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ला (१९३७) संगीत दिलं. ‘कुंकू’त पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातलेच आवाज वापरले गेले. कुठे वाजवायचं नाही, हे ठरवायला समीक्षकाचाच कान लागतो, असं मला वाटतं. पण टोपणनाव आपल्याकडे चार दिवस टिकत नाही. लिहिण्याची ढब लगेच ओळखू येते. मी माझ्याच नावाने लिहितो.

स्वतः चाली बांधणाऱ्याने समीक्षेत काय आणावं? एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी आपल्याकडे नव्या भीमगीतांचा पूर येतो, नवरात्रात देवीच्या गाण्यांचा. एका गाण्यात मुलीचा आवाज खालच्या सुरांवर पार बसलेला. मुलगी कच्ची आहे, असं कुणीही लिहिलं असतं. पण ट्रॅक पुरुषाच्या गळ्यासाठी काळी एकमध्ये बांधलेला होता आणि पैसे वाचवायला तोच तिला दिला होता. तिला काळी चारची पट्टी मिळाली असती, तर तेच सूर मोकळे लागले असते. दोष ट्रॅक करणाऱ्याचा होता, आणि तसंच लिहायला हवं. ठेका, पट्टी, शब्द कुठे तुटतो, श्वासाला जागा ठेवली आहे का, हे आपल्याला आतून कळतं. ते न सांगता ‘सुमधुर’, ‘काळजाला भिडणारं’ असं लिहिणं म्हणजे गाणाऱ्या पोरांची फसवणूक आहे. त्यांना दुसरं कोण सांगणार?

हाच कान स्वतःच्या गाण्यावर मात्र उलटतो. मुखडा सुचतो न सुचतो तोच आतला समीक्षक त्यातली उसनी जागा दाखवतो आणि अंतरा जन्मालाच येत नाही. परीक्षणासाठी आठवडाभर दुसऱ्यांची गाणी ऐकली, की बोटं कीबोर्डवर त्यांच्याच वळणाने जातात. त्या आठवड्यात मी चाल बांधत नाही. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन किंवा आईच्या ओव्या ऐकतो. जे ऐकून काही लिहायचं नसतं, त्याने कान निवळतो.

पैशाचं थोडक्यात. परीक्षणावर घर चालत नाही. शिकवणी, दुकान, नोकरी काहीतरी हवंच. गाण्याचे हक्क मात्र सोडू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे आणि तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सभासदत्व घ्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. समोरचा मित्र असला तरीही. आणि मिक्सिंगचे पैसे स्वतःच्या खिशातून द्या, पावती घ्या.