हजेरीपटामागची चाळ

गिरगाव, दि. 3 ऑगस्ट 1958

चि. सुमन हिस,

तुझे पत्र पावले. परळच्या शाळेतली पोरे वर्गात पेंगतात, पंधरा-पंधरा दिवस गैरहजर राहतात, सबब त्यांना विद्येची गोडीच नाही, असा निकाल तू अवघ्या दोन महिन्यांत देऊन टाकलास! मीही एकदा असाच फसलो होतो. लालबागेकडच्या एका शाळेत मास्तर असताना रोज डुलक्या घेणाऱ्या एका मुलाला मी महिनाभर बाकावर उभा केला. पुढे त्याच्या चाळीत जाण्याचा योग आला तेव्हा कळले की, दहा बाय दहाच्या त्या खोलीत एकाच गावची नऊ माणसे राहत, गिरणीतल्या दुसऱ्या पाळीचे गडी मध्यरात्री येऊन जेवायला बसले की पोराला अंथरुणासकट गॅलरीत काढीत आणि पहाटे भोंग्याआधी त्यालाच नळावर पाण्याच्या रांगेत धाडीत. ती शिक्षा मला अद्याप टोचते.

पोरामागची ही चाळ पाहणे हा शास्त्राचाही विषय आहे. आपल्या मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. नगराची आखणी करण्यापूर्वी नगर हिंडून पाहावे, असा त्यांचा आग्रह. पण शाळेपुरते बोलायचे तर जोतीराव फुल्यांनी 1882 सालीच शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निवेदन केले होते की, कुणब्यांची मुले शाळेत टिकत नाहीत याचे कारण दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेतात लागणारे त्यांचे हात. तुझ्या वर्गातली पोरे लावणीला कोकणात जातात, गणपतीलाही जातील. तेव्हा चाचणी परीक्षा त्याच दिवसांत ठेवण्याचा हट्ट कशासाठी? बाप कोणत्या पाळीत, कायम की बदली, घरी दिवा मिळतो की नाही, एवढे एका वहीत टिपून ठेव आणि संध्याकाळी तासभर एक वर्ग अभ्यासासाठी उघडा राहावा म्हणून हेडमास्तरांकडे रीतसर अर्ज कर.

मात्र एक धोका आहे. 'गिरणीवाल्यांची पोरे, त्यांच्याकडून काय होणार' असे म्हणून हातची छडी खाली ठेवणारा आणि त्याबरोबर अपेक्षाही खाली ठेवणारा मास्तर मला छडीवाल्याहून अधिक घातक वाटतो. शास्त्राच्या नावाने नवी जात निर्माण करण्याचाच तो प्रकार.

पालकांना शाळेत बोलावू नकोस, त्यांचा खाडा होतो. येत्या रविवारी, गिरण्यांना सुट्टी असते तेव्हा, तूच चाळीत जा. आणि कोणी चहा पुढे केला तर नको म्हणू नकोस.

तुझा
मामा