तुटलेला धागा कोण सांधतो?

दासगावच्या रात्रीच्या वर्गात एका शेतकरीदादांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, भाताचे नवे बियाणे निघाले आहे म्हणे. त्याच्या आतला धागा कातरीने कापला आहे म्हणतात. धागा कापल्यावर रोप वाढते तरी कसे? आणि असले भात खाल्ले तर पोटात काही होईल का?"

प्रश्न अगदी योग्य होता. ज्याला शेत करायचे आहे आणि चार माणसांना जेवू घालायचे आहे, त्याने हे विचारलेच पाहिजे. पण याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा धडा लिहिला आहे. सावकाश वाचा. अडेल तिथे मागे जाऊन पुन्हा वाचा.

बांधाला खांड पडते तेव्हा

आधी आपल्या खाडीकडे पाहू. सावित्री नदी महाडवरून दासगावला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचे पाणी याच वाटेने वर चढते. खाडीकाठच्या खारजमिनीत भात लावायचे तर आधी बांध धरावा लागतो. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि पीक हातचे जाते.

खांड बुजवायच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत घाईची. पुढची भरती येण्याआधी काम उरकायचे असते. मिळेल ती माती, दगड, पेंढा टाकून बांधाची दोन तोंडे जुळवायची. पाणी थांबते. पण बांध अगदी पहिल्यासारखा होत नाही. कुठे हातभर कमी पडतो, कुठे जास्तीची माती बसते.

दुसरी रीत सवडीची. वेळ आहे, माणसे आहेत, आणि शेजारी तसाच दुसरा बांध धड उभा आहे. त्याची उंची, रुंदी, उतार मापायचा आणि त्या मापाने खांड भरून काढायची. असा बांध पुन्हा होता तसा होतो.

या दोन रीती ध्यानात ठेवा. धडा संपेपर्यंत त्या लागणार आहेत.

पेशी आणि तिच्यातला धागा

घर जसे चिऱ्यांचे, तसे आपले शरीर पेशींचे. भाताचे रोप, गाय, आंबा, माणूस, सगळे पेशींचेच बनलेले आहेत. पेशी इतकी लहान असते की नुसत्या डोळ्यांनी बहुधा दिसत नाही. तिच्यात एक गाभा असतो. त्या गाभ्यात एक फार बारीक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. माणसाच्या एका पेशीतला सगळा धागा उलगडून सरळ केला तर तो सुमारे २ मीटर भरेल.

हा धागा सुंभासारखा दुपेडी असतो. दोन पेड एकमेकांभोवती पिळलेले असतात. त्यांवर चार अक्षरांत मजकूर असतो. ती अक्षरे म्हणजे ए, टी, जी आणि सी. एका पेडावर ए असेल तर समोर टी असायचा. जी असेल तर समोर सी असायचा. हा नियम मोडत नाही. म्हणून एक पेड वाचला की दुसऱ्यावर काय असणार ते कळते.

भाताच्या धाग्यावर अशा सुमारे ४० कोटी जोड्या आहेत. तो सगळा मजकूर शास्त्रज्ञांनी २००५ साली वाचून प्रसिद्ध केला. त्या कामात आपल्या देशाचाही हात होता.

मजकुरात जशी वाक्ये, तशी धाग्यावर जनुके असतात. एकेक जनुक म्हणजे पेशीला दिलेली एकेक सूचना. लोंबीला दाणे किती धरायचे, पानावरची छिद्रे किती ठेवायची, अशा सूचना त्यांत असतात. आईबापांकडून लेकरांकडे आणि बियाण्यातून रोपाकडे जाते ती हीच शिदोरी.

धागा रोजच दुखावतो

कातर निघण्याच्या कितीतरी आधीपासून हा धागा तुटत आला आहे. कडक ऊन त्याला इजा करते. तंबाखू, विडी, मिश्री यांतली विषे त्याला इजा करतात. पेशीच्या स्वतःच्या कामातूनही इजा होते. प्रत्येक पेशीत दिवसाकाठी अशा हजारो लहान इजा होतात.

मग आपण जगतो कसे? कारण पेशीत डागडुजी करणारे गडी सतत राबत असतात. हे गडी म्हणजे प्रथिने. ती धाग्यावरून फिरतात, बिघाड शोधतात, वाईट तुकडा काढतात आणि नवा बसवतात. एकच पेड दुखावला असेल तर काम सोपे असते. समोरचा पेड वाचायचा आणि तसे अक्षर बसवायचे. ही डागडुजी कशी चालते हे शोधून काढल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही पेड एकाच जागी तुटले तर मात्र मोठी आपत्ती. आता धागा दुभंगला. वाचायला समोरचा पेडही उरला नाही. ही झाली बांधाची खांड.

सांधायच्या दोन रीती

पेशीही तुटलेला धागा दोन रीतींनी सांधते.

घाईची रीत अशी. 'कू' नावाचे एक प्रथिन आहे. त्याचा आकार कड्यासारखा असतो. धागा तुटला की ते दोन्ही टोकांवर चढते आणि टोके धरून ठेवते. मग दुसरी प्रथिने येतात, फाटकेतुटके टोक साफ करतात आणि शेवटी एक प्रथिन दोन्ही टोके चिकटवते. पुष्कळदा सांधा चांगला बसतो. पण कधी दोनचार अक्षरे गळतात, कधी एखादे जास्तीचे येते. नमुना हाती नसतो, त्यामुळे चूक झाली हे पेशीला कळत नाही.

सवडीची रीत अशी. पेशी दुभंगून दोन व्हायची असते, तेव्हा ती आधी आपल्या सगळ्या धाग्याची नक्कल काढते. त्या वेळी शेजारी तसाच दुसरा धागा हजर असतो. त्याच्यावरून वाचून तुटलेली जागा अक्षरशः होती तशी भरता येते. पण असा नमुना नेहमी हाताशी नसतो. म्हणून रोपांच्या आणि माणसांच्या पेशींत घाईचीच रीत अधिक चालते.

दोन्ही रीती फसल्या तर काय होते? पुष्कळदा ती पेशी मरून जाते. हे शरीराच्या भल्याचेच असते. पण धागा वाकडातिकडा सांधला आणि पेशी तरीही जगली, तर एखादे वेळी ती बेसुमार वाढू लागते. कर्करोगाची सुरुवात अशीही होते. सवडीच्या रीतीला 'बीआरसीए' नावाची दोन जनुके लागतात. ज्या बायकांत त्यांपैकी एक जन्मतःच बिघडलेले असते, त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. मिश्रीने दात घासू नका असे डॉक्टरीणबाई सांगतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. गडी किती झाले तरी गडीच. रोज खांडी पाडत राहिलो तर ते पुरे पडत नाहीत.

कातर आली कोठून?

ही कातर प्रथम माणसाने केलेली नाही. ती जिवाणूंची आहे. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. आलेल्या विषाणूचा धागा ओळखून तोडायला काही जिवाणूंकडे एक प्रथिन असते. त्याच्यासोबत एक वाटाड्या असतो. वाटाड्याजवळ वीसेक अक्षरांचा पत्ता असतो. तो पत्ता धाग्यावर जुळला की तिथेच कात्री चालते.

एमान्युएल शार्पान्टिये आणि जेनिफर डाउडना या दोन शास्त्रज्ञ बायकांनी २०१२ साली दाखवले की पत्ता आपण लिहून दिला, तर ही कातर आपल्याला हव्या त्या जागी चालते. या कातरीला 'क्रिस्पर' म्हणतात. दोघींना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नीट लक्ष द्या. कातर फक्त तोडते. ती सांधत नाही आणि नवे अक्षर लिहीत नाही. तुटल्यानंतरचे सगळे काम पेशीचे आहे. पेशीने धागा बिनचूक सांधला, तर पत्ता पुन्हा जुळतो आणि कातर पुन्हा तोडते. असे करता करता एकदा घाईच्या सांध्यात चूक होते. अक्षरे बदलली की पत्ता जुळत नाही आणि कातर थांबते. ती चूक मात्र धाग्यात कायमची राहते. शास्त्रज्ञांना बहुतेक वेळा हीच चूक हवी असते.

खारजमिनीसाठी भात

दादांनी ज्याबद्दल ऐकले त्या भाताकडे आता येऊ. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ४ मे २०२५ रोजी दिल्लीत अशा दोन जाती जाहीर केल्या.

पहिली 'पूसा डीएसटी राईस १'. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ती 'एमटीयू १०१०' या जुन्या जातीपासून केली. भातात डीएसटी नावाचे एक जनुक असते. पाण्याचा ताण आणि खार सोसायची जी शक्ती रोपात असते, तिला हे जनुक लगाम घालते. शास्त्रज्ञांनी त्या जनुकावर दोन जागी कातर चालवली. मधला ३६६ जोड्यांचा तुकडा गळून पडला. उरलेली दोन टोके रोपाच्या पेशीने घाईच्या रीतीने सांधली. लगाम ढिला झाला. पानांवरची छिद्रे कमी झाली आणि रोपात पाणी टिकून राहू लागले. रोपे लहान असताना खाराला चांगला टिकाव धरतात, असे प्रयोगात दिसले.

दुसरी 'डीआरआर धान १००', म्हणजेच 'कमला'. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने ती 'सांबा महसुरी'पासून केली. लोंबीला दाणे जास्त धरावेत म्हणून रोपात एक रस असतो. तो रस मोडून टाकणारे जनुक या भातात निकामी केले आहे. सांबा महसुरीपेक्षा हे भात सुमारे २० दिवस आधी तयार होते आणि १९ टक्के जास्त पिकते, असे सरकारने सांगितले.

या दोन्ही भातांत दुसऱ्या प्राण्याचे किंवा झाडाचे जनुक ठेवलेले नाही. कातर तयार करण्यासाठी जो मजकूर प्रथम घातला होता, तो पुढच्या पिढ्यांत ज्या रोपांत उतरला नाही, तीच रोपे निवडून ठेवली. सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा पिकांना परकी जनुके घातलेल्या पिकांच्या काही कडक नियमांतून सूट दिली, ती याच कारणाने. रोपात उरते ते एवढेच, की एका जागी अक्षरे गळाली आहेत. असे अक्षर गळणे शेतात आपोआपही होत आले आहे. एखादी लोंबी वेगळी दिसली की आपले आजे-पणजे ती बियाण्यासाठी राखून ठेवत. पुष्कळ जुन्या जाती अशाच निपजल्या.

माणसाच्या आजारात

सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे पुष्कळ आढळतो. धाग्यावरचे एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रोग्याला असह्य कळा येतात. या आजारावर कातरीने केलेल्या पहिल्या उपचाराला इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

त्यात ते चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. आईच्या पोटात असताना बाळाचे रक्त वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर ते एका जनुकामुळे बंद होते. त्या जनुकाची कळ कातरीने तोडतात. पेशी ती जागा घाईने सांधते, कळ बिघडते, आणि बाळपणीचे चांगले रक्त पुन्हा तयार होऊ लागते. हा उपचार फार महागडा आहे. आपल्याकडे 'बिरसा १०१' नावाने तो स्वस्तात करण्याचे काम दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने हाती घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिल्याचे जाहीर झाले.

भ्यावे की भरवसा ठेवावा?

दोन्हीची घाई करू नये. तपासून पाहावे.

कातर कधी चुकीच्या पत्त्यावर चालते. कधी हवा त्यापेक्षा मोठा तुकडा गळतो. सांधणे पेशीच्या हाती असते, आपल्या हाती नसते. चीनमध्ये २०१८ साली एका शास्त्रज्ञाने गर्भावरच कातर चालवली. जुळ्या मुली जन्मल्या. धागा त्याने योजला होता तसा सांधला गेलाच नाही. जगभर निषेध झाला आणि पुढल्या वर्षी त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. भाताचे बी वाईट निघाले तर फेकून देता येते. लेकराचे तसे नाही.

भातातही सगळे वाद मिटले असे समजू नका. या दोन जातींच्या उत्पन्नाचे आकडे बरोबर नाहीत, अशी हरकत काही लोकांनी २०२५ सालीच घेतली. कृषी संशोधन परिषदेने ती नाकारली. तेव्हा असे बियाणे कोणी दारी आणले तर विचारा: हे कोणत्या जातीपासून केले? कोणत्या जमिनीत करून पाहिले? आपल्या खाडीकाठी पाहिले का? आधी एका चोंढ्यात लावून बघा, शेजारी आपली जुनी जात लावा, आणि मळणीला दोन्हींचे माप घ्या. शेतकऱ्याची ही परीक्षा कोणत्याही कागदापेक्षा कमी नाही.

दादांना आम्ही एवढेच सांगितले: भात खाल्ले की त्यातला धागा पोटात पचून जातो, मग तो कापलेला असो की नसो. आपण रोज जे जेवतो त्या प्रत्येक घासात धागा असतोच. आणि कापलेले रोप वाढते कसे? तर त्याच्या पेशीने धागा सांधला म्हणून. आपणही त्याच गुणावर जगतो.

करून पाहा

१. सुंभाचा हातभर तुकडा घ्या. उलगडून त्याचे दोन पेड पाहा. एकच पेड तोडला तर काय होते? दोन्ही तोडले तर?

२. घाईची रीत आणि सवडीची रीत यांत फरक कोणता, ते घरी कोणाला तरी समजावून सांगा.

३. कातर फक्त तोडते, मग बदल कोण करते? दोन ओळींत लिहा.

४. तुमच्या घरात तंबाखू किंवा मिश्री कोण वापरते? हा धडा त्यांना वाचून दाखवा.