चिठ्ठी हातात होती, तरीही

गर्भपाताच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी तीन मेडिकल फिरले. पहिला म्हणाला, "आम्ही ठेवत नाही." दुसऱ्याने चिठ्ठी नीट न वाचताच परत दिली. तिसऱ्याने गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा विचारलं, "ताई, मिस्टर कुठायत? त्यांना पाठवा." तो आवाज अजून कानात आहे.

गर्भपातासाठी नवऱ्याच्या परवानगीची अट कुठल्याही कायद्यात नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. दुकानदारांना गर्भलिंग तपासणीवरच्या छाप्यांचा धाक म्हणे! अहो, या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळतच नाही.

शेवटी ओळखीतून एक मोबाइल नंबर मिळाला. पैसे आगाऊ भरले, कुरिअर सहाव्या दिवशी आलं. ओट्याशी उभी राहून फोडलं. आत चार लहान गोळ्यांची पट्टी. खोक्यावर पाच लिहिलेल्या: मिफेप्रिस्टोनची एक, मिसोप्रोस्टॉलच्या चार. महत्त्वाची पहिलीच नव्हती. बॅच नंबर आणि मुदत छापलेला कोपरा कात्रीने सरळ कापलेला. त्या सरळ कापाकडे बघताना कळलं, हे चुकून झालेलं नाही. फोन केला. "ताई, एवढ्यानेच होतं, घाबरू नका." नंतर फोन बंद. माझा मोलाचा आठवडा गेला तो गेलाच.

म्हणून सांगते. कुरिअरने आलेली पट्टी तोंडात घालू नका. आधी सोनोग्राफी करा. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं. मेडिकलवाला नाही म्हणाला तर मान्यताप्राप्त केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर बघा. फसवलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. अविवाहित असाल तरी मागे हटू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तुमचा हक्क मान्य केलाय. नाव फुटेल ही भीती नको. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ते फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि दिवस घालवू नका.

मीही मग सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे केला. सवयीने मी म्हणाले, "मिस्टर बाहेर आहेत, बोलावू?" त्या म्हणाल्या, "कशाला? सही तुमची."

हे पहिल्याच दुकानात कुणी सांगायला हवं होतं.