नकाशातील जलचिन्ह

बिबवेवाडीतील गल्ल्यांचा नकाशा तयार करण्यास दिवसचे दिवस उन्हात फिरावे लागते. संगणकावर त्याची नक्कल मात्र क्षणात होते. मग मूळ नकाशा कोणाचा, हे कसे ठरवावे? १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने नकाशाला चित्राप्रमाणेच कलाकृती मानले आहे. परंतु हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने रेखाटनातील बारीक खुणांवरून आपल्या छापील नकाशांची नक्कल ओळखली आणि २००१ साली ऑटोमोबाईल असोसिएशनने तडजोडीत २ कोटी पौंड देण्याचे मान्य केले.

संगणकीय नकाशात रस्ता म्हणजे बिंदूंची माळ. प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांशाचे आकडे असतात. अक्षांशातील दशांशचिन्हानंतरचे सहावे स्थान जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर भरते. गुप्त किल्लीनुसार निवडक बिंदूंचा हा अंक सम किंवा विषम केला, की नोटेवरील जलचिन्हासारखी खूण उमटते. मात्र ही डोळ्यांना दिसत नाही, किल्लीवाल्यालाच वाचता येते.

पण नक्कल करणाऱ्याने सहावा अंक गाळला, तर खूण पुसली जाते. ती पाचव्या स्थानी घातली, तर फरक मीटरभर होतो. रिक्षावाल्याला तो जाणवणार नाही. जमीनमोजणीत मात्र तेवढ्यावरून भाऊबंदकी पेटते.

तात्पर्य, जलचिन्ह ही जाणूनबुजून केलेली चूक आहे. ती किती असावी, हे नकाशाच्या उपयोगावरून ठरवावे. मालकी राखताना नकाशाचा खरेपणा गमावला, तर राखले काय?