पाठासाठी चित्र तयार करणे : विनामूल्य साधनांचा उपयोग

परिसर अभ्यासाच्या पाठात जवळची वस्तू आधी व दूरची मागाहून यावी, हे तत्त्व शिक्षकांस नवे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूतील शिक्षकास त्यासाठी सामग्री धुंडाळीत फिरावे लागत नाही. वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा शिलालेख तेथे आहे. बदलापुराजवळून उल्हास नदी वाहते, आणि बारवीचे धरणही दूर नाही. सामग्री विपुल आहे. अडचण येते ती चित्र मुलापर्यंत पोहोचविताना.

शिक्षक देवळाचे छायाचित्र फोनवर घेतो आणि पालकांच्या गटात धाडतो. ते छायाचित्र म्हणून धाडले, तर संदेशाचे ॲप ते आपल्या हिशेबाने दाबून लहान करते आणि खाली लिहिलेली बारीक अक्षरे पुसट होतात. फाइल म्हणून धाडले, तर ते जड असते आणि पालकाचा डेटा अधिक खर्ची पडतो. ज्या घरी एकच फोन आहे व तोही वडिलांबरोबर कामावर जातो, तेथे असे चित्र रात्री उघडले तर उघडते. चित्र आधीच योग्य मापाचे करून धाडणे हा यावरील उपाय होय, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.

संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडणारे ‘फोटोपी’ हे साधन इव्हान कुत्स्किर या प्रोग्रामरने तयार केले असून ते २०१३ पासून उपलब्ध आहे. त्यात जाहिराती दिसतात. त्यांकडे दुर्लक्ष करावे. याचा मोठा गुण असा की चित्र कोठेही पाठविले जात नाही. सर्व काम आपल्याच संगणकात होते. पान एकदा पूर्ण उघडले की जोडणी मध्येच तुटली तरी काम अडत नाही. ‘स्क्वूश’ हे गुगलच्या मंडळींनी २०१८ मध्ये खुले केलेले दुसरे साधन केवळ चित्र हलके करण्यासाठी आहे. त्यात मूळ व हलके केलेले चित्र शेजारी शेजारी दिसते, मधली रेघ सरकवून दोहोंतील फरक डोळ्यांनी पाहता येतो, आणि फाइल किती लहान झाली तो आकडाही खाली दिसतो.

अंबरनाथच्या देवळाचा दगड काळा आहे व कोरीव काम खोल आहे. गर्भगृह तर सभामंडपापेक्षा खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. त्यामुळे छायाचित्रात नक्षीऐवजी नुसता अंधार दिसतो. फोटोपीमध्ये ‘इमेज’ या यादीतील ‘ॲडजस्टमेंट्स’ व त्यातील ‘लेव्हल्स’ उघडावे. तेथे काळ्या, मधल्या व पांढऱ्या छटांसाठी तीन खुणा असतात. मधली खूण किंचित डावीकडे सरकविली की सावलीतील कोरीव काम वर येते. येथे हात आवरावा. फार उजळलेला दगड संगमरवरासारखा दिसू लागतो, आणि तो अंबरनाथचा राहत नाही. अलीकडे भंगलेला भाग आपोआप भरून देणारी साधनेही निघाली आहेत. झिजलेल्या मूर्तीस नवा हात बसवून देणे त्यांना सोपे आहे. परंतु तो हात शिल्पकाराचा नव्हे. इतिहासाच्या पाठात अशी भर घालणे गैर आहे. हाच नियम जुन्या छायाचित्रांनाही लागू. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या व १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वस्तीतील सिंधी कुटुंबांकडे तेव्हाची छायाचित्रे असतील, तर त्यांवरील ओरखडे झाकावेत, चेहरे ‘सुधारू’ नयेत, आणि मूळ प्रत जशीच्या तशी राखावी.

फाइलचा प्रकार विचारपूर्वक निवडावा. जेपेग हा प्रकार चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडून डोळ्यास सहसा न जाणवणारा बारीक फरक टाकून देतो. छायाचित्रास तो उत्तम. अक्षरांभोवती मात्र धुरकट कण उठतात. नकाशा, आकृती व अक्षरे यांसाठी पीएनजी योजावा, कारण त्यात काही गळत नाही. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठविल्यास प्रत्येक वेळी थोडे थोडे बिघडते. सायक्लोस्टाइलच्या प्रतीवरून प्रत काढीत गेल्यास जे होई, तेच.

अक्षरांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या साधनात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, रफार सुटा राहतो, जोडाक्षरे हलंतासह फुटतात. मूल चित्रातला शब्द प्रमाण मानून वहीत उतरविते, म्हणून ही चूक लहान नाही. ‘शिल्प’, ‘मूर्ती’, ‘गर्भगृह’, ‘स्त्री’ हे चार शब्द आधी लिहून पाहावेत. युनिकोडमधील टंकच वापरावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. इतके करूनही अक्षर फुटले, तर शिक्षकाने सुवाच्य हस्ताक्षरात कागदावर लिहून त्याचे छायाचित्र जोडावे. मुलांना ते अक्षर ओळखीचे असतेच.

दुसऱ्याचे चित्र घेणे झाल्यास विकिमीडिया कॉमन्सवरून घ्यावे, व परवान्यात सांगितल्याप्रमाणे छायाचित्रकाराचे नाव खाली लिहावे. सहलीच्या चित्रांत मुलांचे चेहरे असतील तर पालकांच्या संमतीवाचून ती गटाबाहेर जाऊ देऊ नयेत. फोन छायाचित्रात स्थळाची नोंदही करू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती आधीच बंद करावी.

हे काम वरच्या वर्गांतील मुलांसमोर केल्यास गणिताचा एक पाठही होतो. फोनवरील छायाचित्र ४००० ठिपके रुंद व ३००० उंच असेल, तर एकूण ठिपके १ कोटी २० लाख. ‘इमेज साइझ’मध्ये रुंदी १००० केली की उंची ७५० होते व ठिपके साडेसात लाख उरतात. रुंदी चौथाई झाली, मग ठिपके सोळावा हिस्सा कसे झाले, हे मुलांना चौकटीच्या कागदावर रेघा मारून शोधू द्यावे.